त्वचाघडी मापक : घरगुती चरबीमापनाचे शास्त्र आणि त्याच्या मर्यादा

बीजसंज्ञा : त्वचाघडी, कॅलिपर, देहघटक, शरीरघनता, कटिघेर.

प्रस्तावना :

वजनकाटा शरीराचे एकूण वजन सांगतो. त्या वजनात स्नायूंचा वाटा किती, हाडांचा किती, पाण्याचा किती आणि चरबीचा किती, याचा उलगडा तो करीत नाही. वजन आणि उंची यांच्यापासून काढला जाणारा देहवस्तुमान निर्देशांक, म्हणजेच बीएमआय, हाही मुळात वजनकाट्याचाच विस्तार होय. वजनाच्या आकड्याला उंचीच्या वर्गाने भागले तरी वजनाच्या पोटात दडलेली माहिती त्यातून बाहेर येत नाही. ही मर्यादा किती मोठी आहे याचे एक बोलके उदाहरण पुण्याशी संबंधित आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीराची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३ इतका, म्हणजे तंतोतंत सारखा होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के भरले. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ही तुलना 'वाय-वाय विरोधाभास' या नावाने ओळखली जाते.

या उदाहरणामुळे एक प्रश्न साहजिकच पुढे येतो. वजनकाटा जे सांगू शकत नाही ते सामान्य माणसाला घरच्या घरी, प्रयोगशाळेत न जाता, कळू शकेल काय? बाजारात त्यासाठी मिळणारे सर्वांत साधे साधन म्हणजे हातात मावणारा चिमटा, त्वचाघडी मापक. हे साधन नेमके काय मोजते, त्यावरून चरबीची टक्केवारी कशी काढली जाते, त्या टक्केवारीवर कितपत विसंबावे आणि घरी त्याचा वापर कसा करावा, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साधन आणि त्याचे नाव :

इंग्रजीत या साधनाला 'स्किनफोल्ड कॅलिपर' म्हणतात. कॅलिपर हा शब्द महाराष्ट्रात दोन अर्थांनी रुळलेला आहे. पोलिओग्रस्त मुलाच्या पायाला लावण्याचा आधार हा एक अर्थ आणि भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकातील व्हर्नियर कॅलिपर हा दुसरा. पहिल्याशी गोंधळ होण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्याशी होतो. प्रयोगशाळेतील व्हर्नियर घेऊन दंडाची चरबी मोजण्याचा प्रयत्न हौशी विद्यार्थी करताना दिसतात. तो प्रयत्न व्यर्थ आहे, कारण व्हर्नियरचा जबडा किती जोराने मिटायचा हे मोजणाऱ्याच्या बोटांवर अवलंबून असते. धातूची सळई दाबली जात नाही, त्वचा आणि चरबी दाबली जाते. म्हणून त्वचाघडी मापकात स्प्रिंग बसविलेली असते. जबडा कितीही उघडा असला तरी त्याचा दाब कायम राहावा हे तिचे काम. हा दाब साधारणपणे दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम इतका ठरविण्यात आला आहे.

संशोधनात दीर्घकाळ वापरले गेलेले हार्पेंडेन कॅलिपर हे टॅनर आणि व्हाइटहाउस यांनी १९५५ साली वर्णिलेल्या रचनेचे आहे. इंग्लंडमधील हार्पेंडेन या गावी मुलांच्या वाढीचा जो अभ्यास चालला होता त्यावरून त्याला हे नाव मिळाले. त्याच्या तबकडीवर ०.२ मिलिमीटरपर्यंतचा भेद वाचता येतो. अमेरिकेत लँग कॅलिपर अधिक प्रचलित आहे. घरगुती वापरासाठी मिळतात ती मुख्यतः प्लॅस्टिकची साधने. त्यांपैकी काहींत ठरावीक दाब आला की 'टक्' असा आवाज होतो व तेथे थांबून आकडा वाचावयाचा असतो. काहींत स्प्रिंगच नसते आणि दाब सर्वस्वी अंगठ्यावर सोपविलेला असतो. या शेवटच्या प्रकारची साधने टाळलेली बरी. आवाज करणारे साधे प्लॅस्टिकचे साधन मात्र काळजीपूर्वक वापरल्यास घरच्या नोंदीपुरते पुरेसे ठरते.

मुठीत धरण्याची आणखी एक वस्तू चरबीमापक म्हणून विकली जाते, ती म्हणजे विजेवर चालणारे यंत्र. ते एका हातातून दुसऱ्या हातात अतिशय क्षीण विद्युतप्रवाह पाठवून शरीराचा विरोध मोजते. स्नायूंत पाणी अधिक असल्याने त्यांतून प्रवाह सहज जातो, चरबीतून जात नाही, हे त्यामागील तत्त्व. परंतु पाणी पिणे, घाम येणे, जेवण, व्यायाम यांपैकी कशानेही त्याचा आकडा हलतो आणि हातांत धरलेले यंत्र मुख्यतः शरीराच्या वरच्या भागाचाच मागोवा घेते. स्नानगृहातील चरबी दाखविणारे काटे पायांकडून हेच करतात. प्रस्तुत विवेचन चिमट्यापुरते मर्यादित आहे.

चिमटीत काय येते :

अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत दंडामागची त्वचा उचलली असता हाताला जी घडी लागते तिच्यात त्वचेचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये त्वचेखालील चरबीचे दोन थर असतात. स्नायू खाली राहतो. निदान राहावयास हवा. कॅलिपर मोजतो ती या घडीची, दाबलेल्या अवस्थेतील, मिलिमीटरमधील जाडी. याहून अधिक काहीही तो मोजत नाही. 'या यंत्राने चरबी मोजली' असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा दोन पावले मध्येच गाळलेली असतात. त्वचेखालील चरबीवरून सर्व शरीराच्या चरबीचा अंदाज हे पहिले पाऊल आणि त्या अंदाजाचे टक्केवारीत रूपांतर हे दुसरे.

पहिल्या पावलातील अडचण उघड आहे. चरबी केवळ त्वचेखाली नसते. यकृत, आतडी आणि पोटातील इतर अवयव यांच्याभोवतीही ती साठते. तिला उदरांतर्गत चरबी म्हणतात. आरोग्याच्या दृष्टीने ही आतली चरबी अधिक घातक मानली जाते, आणि चिमटा नेमका तिच्यापर्यंतच पोहोचू शकत नाही. शिवाय त्वचेखालील चरबी सर्वांची सारखी दबत नाही. ब्रुसेल्स येथे मृतदेहांचे विच्छेदन करून १९८०च्या दशकात जो अभ्यास झाला त्यात चरबीची दाबक्षमता व्यक्तीव्यक्तींत आणि एकाच शरीराच्या निरनिराळ्या भागांत वेगवेगळी असल्याचे दिसून आले. समान जाडीच्या दोन घड्यांत चरबी समानच असेल असे त्यामुळे म्हणता येत नाही.

मिलिमीटरपासून टक्क्यांपर्यंत :

त्वचाघडीवरून देहघटकांचा हिशेब मांडण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न झेक मानवशास्त्रज्ञ मातेइका यांनी १९२१ साली केला. त्यानंतरचा टप्पा पाण्याशी निगडित आहे. चरबीची घनता सुमारे ०.९० आणि चरबीविरहित देहाची सुमारे १.१० धरली, तर सर्व शरीराची घनता कळताच त्यातील चरबीचा वाटा गणिताने काढता येतो. शरीराची घनता कशी काढावी? आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार माणसाला पाण्यात पूर्ण बुडवून त्याचे वजन करावे. अमेरिकन नौदलातील डॉ. बेन्के यांनी १९४२ साली हे करून दाखविले. त्यांनी तपासलेल्या २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंपैकी १७ जण उंची-वजनाच्या कोष्टकानुसार अतिवजनी म्हणून सैन्यसेवेस अपात्र ठरत होते. पाण्यातील वजनाने मात्र त्यांचे वजन चरबीचे नसून बहुतांशी स्नायूंचे असल्याचे दिसले. याज्ञिक-युडकिन उदाहरणाची ही उलट बाजू म्हणावयास हरकत नाही.

घनतेवरून टक्केवारी काढण्यासाठी सर्वत्र वापरले जाणारे सूत्र सिरी यांचे, १९६१ सालचे आहे :

चरबीचे शेकडा प्रमाण = (४९५ ÷ घनता) − ४५०

आता प्रत्येकाला पाण्यात बुडविणे शक्य नाही. म्हणून संशोधकांनी काही शे माणसांची घनता पाण्यात मोजली, त्याच माणसांच्या त्वचाघड्या कॅलिपरने मोजल्या आणि या दोहोंमधील संबंध सूत्रात बांधला. पुढे ज्याच्याजवळ केवळ कॅलिपर आहे त्याने घडीची जाडी त्या सूत्रात घालावी आणि घनता मिळवावी, अशी ही योजना. ग्लासगो येथील डर्निन व वूमर्सली यांचे १९७४ सालचे सूत्र १६ ते ७२ वर्षे वयाच्या २०९ पुरुष व २७२ स्त्रियांवर आधारलेले आहे. त्यात दंडाची पुढची बाजू, दंडाची मागची बाजू, फऱ्याच्या हाडाखालील भाग आणि कमरेच्या हाडावरील भाग या चार जागा घेतल्या आहेत. अमेरिकेतील जॅक्सन व पोलॉक यांनी पुरुषांसाठी १९७८ साली आणि वॉर्ड यांच्यासह स्त्रियांसाठी १९८० साली सूत्रे दिली. त्यांच्या तीन जागांच्या सूत्रात पुरुषांची छाती, पोट व मांडी, तर स्त्रियांचा दंडाचा मागील भाग, कमरेच्या हाडावरील भाग व मांडी मोजली जाते. पुरुषांचे सूत्र असे आहे :

घनता = १.१०९३८ − (०.०००८२६७ × बेरीज) + (०.०००००१६ × बेरजेचा वर्ग) − (०.०००२५७४ × वय)

यात बेरीज म्हणजे तीन घड्यांची मिलिमीटरमधील बेरीज. समजा, ४० वर्षांच्या पुरुषाची बेरीज ६० मिलिमीटर आली. घनता १.०५५२ निघते आणि सिरींच्या सूत्राने चरबी सुमारे १९.१ टक्के येते. मोजणाऱ्याने प्रत्येक घडी केवळ दोन मिलिमीटरने जाड मोजली असती, तर बेरीज ६६ झाली असती आणि चरबी २०.८ टक्के. म्हणजे हाताच्या किंचित फरकाने पावणेदोन टक्क्यांचा फरक पडला. दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. तीच ६० मिलिमीटरची बेरीज २० वर्षांच्या तरुणाची असेल, तर उत्तर १६.८ टक्के येते. चिमट्याला दोघांत काहीही फरक दिसलेला नाही. वरचे सव्वादोन टक्के वयाच्या पदाने घातले. वय वाढते तसा आतल्या चरबीचा वाटा वाढतो, हे सरासरीने खरे आहे आणि सूत्रात वय येते ते त्यासाठीच. पण सरासरीने खरे असलेले अमुक एका माणसाच्या बाबतीत खरे असतेच असे नाही. नियमित व्यायाम करणाऱ्या ४० वर्षांच्या पुरुषाला सूत्र सरासरीच्याच रांगेत उभे करते.

डर्निन-वूमर्सली यांच्या कोष्टकात हे अधिकच गमतीदार होते, कारण तेथे वयाचे गट पाडलेले आहेत. चार घड्यांची बेरीज ६० मिलिमीटर असणाऱ्या पुरुषाची चरबी तो २९ वर्षांचा असेपर्यंत सुमारे २१ टक्के आणि तिसाव्या वाढदिवसाच्या दिवशी साडेतेवीस टक्के. एका रात्रीत अडीच टक्क्यांच्या जवळपास चरबी चढते ती कोष्टकाच्या दोन रकान्यांमधील रेषेवर. शरीर बिचारे तसेच असते. एवढे असूनही ही सूत्रे टाकाऊ मुळीच नाहीत. कुशल हातांनी मोजल्यास पाण्यातील मापनाच्या तुलनेत त्यांची प्रमाण त्रुटी साधारण साडेतीन ते पाच टक्क्यांच्या घरात राहते, आणि मोठ्या समूहांच्या अभ्यासाला ती चालते. एकट्या माणसाने मात्र '१९.१' या आकड्यातील दशांश चिन्हापुढचा एक गंभीरपणे घेऊ नये. तो कागदावरच्या भागाकारातून आलेला आहे.

भारतीय शरीर आणि परदेशी सूत्रे :

सूत्र ज्या माणसांवरून बांधले त्यांची चरबी शरीरात जशी वाटलेली होती तशीच मोजणाऱ्याच्याही शरीरात वाटलेली आहे, हे प्रत्येक सूत्राचे न बोललेले गृहीतक असते. ग्लासगोच्या किंवा अमेरिकेच्या लोकांवरून बांधलेले सूत्र सांगलीच्या किंवा जळगावच्या माणसाला लावताना हे गृहीतक डगमगते. डगमग कोणत्या दिशेने होते हे समजण्यासाठी पुन्हा पुण्याकडे यावे लागते.

डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत माता व बालकांच्या पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास १९९३ साली सुरू केला. त्या गावांत जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली गेली आणि तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. पुण्याच्या बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. वजन कमी म्हणजे सर्वच काही त्याच प्रमाणात कमी, असे मात्र आढळले नाही. पोटाचा घेर आणि दंडाचा घेर, म्हणजे आतले अवयव आणि स्नायू यांच्याशी संबंधित मापे, सर्वांत अधिक घटलेली होती. फऱ्याच्या हाडाखालची त्वचाघडी मात्र त्या मानाने सर्वांत कमी घटली होती. दिसायला कृश, पण स्नायूंच्या मानाने चरबी राखून असलेल्या या बाळाला संशोधकांनी 'कृश-स्थूल' भारतीय बाळ म्हटले. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ही गोष्ट उघड झाली ती कॅलिपरमुळे. नवजात बाळाच्या पाठीवरची घडी मोजणारे साधन तत्त्वतः तेच, जे आज कुणीही घरी आणू शकतो. तान्ह्या बाळाचा वजनकाटा जेथे 'वजन कमी' एवढेच सांगून थांबला असता, तेथे या चिमट्याने पुढची हकिकत सांगितली. ती सांगताना टक्केवारीचे कोणतेही सूत्र लागले नाही. घडीची जाडी, घेर आणि त्यांची परस्परांशी तुलना एवढ्यावर काम भागले.

प्रौढ वयातही भारतीयांची चरबी हातापायांपेक्षा धडाकडे, पाठीवर आणि पोटाच्या आत अधिक साठण्याकडे कल असतो, हे अनेक अभ्यासांतून मान्य झालेले आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ साली आशियाई लोकसमूहांसाठी बीएमआय २३ आणि २७.५ हे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने दखल घेण्याचे अतिरिक्त टप्पे सुचविले. नेहमीचे टप्पे २५ आणि ३० असे आहेत. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ सालच्या सहमतीपत्रात पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही कटिघेराची मर्यादा दिली गेली.

घरगुती मोजमापाच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. हातपाय बारीक आणि पोट सुटलेले, हा मध्यमवयीन मराठी घरांतला नित्य दिसणारा बांधा. अशा माणसाच्या मांडीची आणि दंडाची घडी पातळ येते. बेरीज लहान होते. साधनासोबत आलेल्या परदेशी तक्त्यात तो 'सडपातळ' किंवा 'उत्तम' या रकान्यात बसतो. आतली चरबी चिमट्याला दिसलेली नसते आणि सूत्राने तिचा जो सरासरी अंदाज धरला तो दुसऱ्या लोकसमूहाचा असतो. परिणामी, ज्याने रक्तशर्करा तपासून घ्यावयास हवी तोच निश्चिंत होतो. बीएमआयने केलेली दिशाभूल टाळण्यासाठी आणलेले साधन तीच दिशाभूल दुसऱ्या दाराने घरात आणते. कमरेच्या एकाच जागेची घडी मोजून टक्केवारी सांगणाऱ्या साधनांबाबत तर ही शक्यता अधिक संभवते. म्हणून चिमट्यासोबत शिंप्याची मोजपट्टी असणे आवश्यक आहे. ती काही रुपयांत मिळते, आणि भारतीय शरीराबाबत चिमटा जेथे गप्प बसतो तेथे ती बोलते.

दिशाभूल उलट्या बाजूनेही होते. महाविद्यालयीन मुलींच्या हाती तक्ता पडला की पुरुषांच्या रकान्यातील आकडे आदर्श मानले जातात. स्त्रीच्या शरीराला पुरुषापेक्षा अधिक चरबी निसर्गतःच लागते. बेन्के यांच्या मांडणीनुसार जीवनावश्यक चरबी पुरुषांत सुमारे ३ टक्के, तर स्त्रियांत सुमारे १२ टक्के असते. ही चरबीही कमी करण्याच्या नादात आहार तोडला तर मासिक पाळी अनियमित होते, क्वचित थांबते, आणि हाडांची घनता घटू लागते. वाढीच्या वयातील मुलामुलींच्या हाती टक्केवारीचा तक्ता मुळीच देऊ नये. सिरींच्या सूत्रातील १.१० ही चरबीविरहित देहाची घनता प्रौढांची आहे. वाढत्या शरीरात पाणी अधिक व खनिजे कमी असल्याने ती मुलांना जशीच्या तशी लागू होत नाही.

मोजण्याची रीत :

कॅलिपर उजव्या हातात धरून डाव्या हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने घडी उचलावी. मोजमाप शरीराच्या उजव्या बाजूचे घेण्याचा प्रघात आहे. घडी उचलताना ती स्नायूपासून सुटी झाली आहे याची खात्री करावी. शंका असल्यास मोजून घेणाऱ्याने तो स्नायू क्षणभर ताठ करावा. चिमटीतून काही ओढले गेल्यासारखे वाटल्यास स्नायू आत आलेला आहे. कॅलिपरचा जबडा बोटांपासून सुमारे एक सेंटिमीटर अंतरावर, घडीला काटकोनात टेकवावा. कळ पूर्ण सोडावी, परंतु घडी धरलेली बोटे सोडू नयेत. पुष्कळदा चूक होते ती येथे. बोटे सुटली की चिमटा घसरतो आणि आकडा भलताच येतो. कळ सोडल्यापासून साधारण दोन सेकंदांनी वाचन करावे. त्याहून उशीर केल्यास चरबी दबत जाते आणि काटा खाली सरकतो.

जागा नक्की करणे हे सर्वांत कसोटीचे काम. दंडाच्या मागील बाजूसाठी खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपराचे टोक यांच्यामधील अंतर मोजपट्टीने घेऊन बरोबर मध्यावर पेनाने खूण करावी. हात सैल सोडून घडी उभी उचलावी. अंदाजाने 'मध्य' ठरविल्यास दोन वेळच्या जागांत दोन-तीन सेंटिमीटरचे अंतर सहज पडते आणि दंडावर तेवढ्या अंतरात घडीची जाडी बदलते. फऱ्याच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या किंचित खाली घडी तिरपी, त्वचेच्या नैसर्गिक वळीप्रमाणे घ्यावी. ही जागा स्वतःची स्वतःला मोजता येत नाही. कमरेच्या हाडाच्या कडेवर, काखेतून खाली उतरणाऱ्या रेषेच्या जरा पुढे, तिरपी घडी. पोटावर बेंबीच्या उजवीकडे दोन सेंटिमीटरवर उभी घडी. पाठ आणि कंबर मोजणे आले म्हणजे संकोचाचा प्रश्न येतो. स्त्रियांचे मोजमाप घरातील स्त्रीनेच करावे, हे सोयीचे तसेच औचित्याचे.

प्रत्येक जागा एकदा मोजून पुढच्या जागेकडे जावे, सर्व जागा झाल्यावर दुसरी फेरी घ्यावी. एकाच जागी लागोपाठ चिमटे घेतल्यास दबलेली चरबी पूर्ववत होण्यास अवधी मिळत नाही. दोन फेऱ्यांतील फरक दोन मिलिमीटरपेक्षा अधिक असेल तर तिसरी फेरी घेऊन जवळच्या दोन आकड्यांची सरासरी धरावी. व्यायामानंतर, गरम पाण्याच्या स्नानानंतर किंवा तेल लावलेल्या अंगावर मोजू नये. महाराष्ट्रात अभ्यंगाची सवय असलेल्या घरांत हे शेवटचे पथ्य विसरले जाते. तेलकट घडी चिमटीतून निसटते. अतिस्थूल व्यक्तीत घडी उचलताच येत नाही किंवा कॅलिपरच्या जबड्यात मावत नाही. तेथे चिमट्याचा हट्ट सोडून कटिघेरावर भिस्त ठेवावी. कटिघेर मोजताना शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर मोजपट्टी आडवी धरावी, सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचावा, पोट आत ओढू नये.

नोंद कशी ठेवावी :

वरील विवेचन पाहता घरी टक्केवारी काढण्याचा खटाटोप करू नये, असे सुचवावेसे वाटते. वहीत जागांची नावे लिहून त्यांपुढे मिलिमीटर लिहावेत, खाली बेरीज करावी आणि शेजारी कटिघेर व वजन नोंदवावे. दंडाची मागील बाजू, फऱ्याखालील भाग, कंबर आणि पोट या चार जागा भारतीय प्रौढांसाठी पुरेशा आहेत. त्यांतील तीन धडावरच्या असल्याने जेथे चरबी साठण्याकडे कल आहे तेथला बदल त्यांत लवकर उमटतो. मिलिमीटरची बेरीज कोणत्याही परदेशी माणसाच्या सरासरीवर अवलंबून नसते. ती त्या व्यक्तीची स्वतःची असते, आणि तिची तुलना त्याच व्यक्तीच्या मागील महिन्याशी होते. क्रीडाशास्त्रात खेळाडूंच्या नियमित तपासणीसाठी हीच पद्धत पसंत केली जाते.

या नोंदीतून जे कळते ते वजनकाट्यातून कळत नाही. वजन घटले, बेरीज घटली आणि कटिघेरही घटला तर चरबी जात आहे. वजन स्थिर, पण बेरीज व घेर कमी, असे व्यायाम नव्याने सुरू केलेल्या व्यक्तीत दिसते. वजन हलत नाही म्हणून व्यायाम सोडून देणाऱ्यांनी ही ओळ वहीत अवश्य पाहावी. वजन घटले पण बेरीज जवळपास तेवढीच राहिली, तर स्नायू झिजत असण्याची शक्यता असते. उपासतापासावर भर देऊन झटपट वजन उतरविणाऱ्यांत, तसेच वृद्धांत, ही शक्यता तपासून पाहावी. बेरीज कमी होऊनही कटिघेर वाढत असेल तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

महिन्यातून एकदा, सकाळी, न्याहारीपूर्वी मोजणे पुरे. त्याहून वारंवार मोजल्यास हाताची चूक तेवढी दिसते. ही चूक किती, हेही घरच्या घरी काढता येते. प्रारंभी एकाच आठवड्यात निरनिराळ्या तीन दिवशी त्याच व्यक्तीने तेच शरीर मोजावे, आधीचे आकडे न पाहता. आठवड्यात चरबी फारशी बदलत नाही. म्हणून तीन बेरजांत जे अंतर पडेल ते मोजणाऱ्या हाताचे. समजा ५८, ६३ आणि ६० असे आकडे आले, तर त्या घरात पाच मिलिमीटरपेक्षा लहान बदलाला बदल म्हणता येणार नाही. सराव वाढला की हे अंतर कमी होते. स्प्रिंग कालांतराने सैल पडते; तिची तपासणी म्हणून पोस्टकार्डांची ठरावीक गड्डी किंवा जाड रबराचा एखादा तुकडा वहीसोबत ठेवून दर वेळी प्रथम तो मोजावा. पोस्टकार्डांवरून जबड्याचे वाचन तपासता येते, रबर दबत असल्याने त्याचा आकडा दाबाचाही सुगावा देतो. मोजणारी व्यक्ती बदलल्यास, घरातील मुलगा शिक्षणासाठी परगावी गेला व चिमटा आईच्या हाती आला असे झाल्यास, जुन्या आकड्यांशी नव्यांची तुलना करू नये. वहीचे नवे पान उघडून पुन्हा तीन दिवसांच्या मोजणीपासून सुरुवात करावी.